एक लाख तीन वाती

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. हा गुण आहे असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. सौंसरला सरकारी शाळेत गणित शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. फळ्यावरची चूक पुसायची, वहीतल्या चुकीखाली लाल रेघ मारायची, हाच माझा धंदा. शाळा सुटली की लाल पेन खिशात ठेवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे बायकोनं सांगितलं होतं, बऱ्याचदा. मी तेव्हा तिच्या सांगण्यातली एखादी चूक काढली असणार.

बायको पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते. लहान वर्ग, सगळे विषय. नऊ वर्षं तिनं सौंसर-पांढुर्णा अप-डाउन केलं आणि मागच्या होळीनंतर पांढुर्ण्यात स्टेशनच्या बाजूला एक खोली घेतली. लोकांना सांगायला कारण तयार होतं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कामं वाढली, बैठका वाढल्या, रोजची बस जमत नाही. ओळखीतल्या दोन-चार घरांनी हेच कारण सांगून तिकडे बिऱ्हाड हलवलं होतं, त्यामुळे आम्हाला कोणी खोदून विचारलं नाही. मुलगी नागपूरला शिकते, तिलाही हेच सांगितलं. खरं कारण बायकोनं जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून मला सांगितलं होतं. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "तुमचं कधी चुकत नाही. पण तुमच्यासमोर बोलाचा मले कंटाळा येऊन राहिला आता."

यावर मी काय म्हणालो? मी म्हणालो की कधीच चुकत नाही असं काही नाही, मागच्या महिन्यात गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते मी चुकीचं सांगितलं होतं. तिनं मान हलवली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

आई आमच्याजवळ असते. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. सून गेली. आठवडाभरानं तिगावहून मामाच्या शेतातल्या कापसाचं एक पोतं आलं. आईनं ते ओसरीत उघडलं, सरकी काढली, कापूस पिंजला आणि बोटांना चिमूटभर राख लावून वाती वळायला बसली. लाखवाती. आपल्या हातानं एक लाख वाती वळायच्या आणि कार्तिकी पौर्णिमेला तुपात भिजवून महादेवासमोर लावायच्या, असा तो नवस. कशासाठी ते शेजारणींना तिनं सांगितलं नाही. मला मात्र विचारायच्या आधीच सांगून टाकलं. म्हणाली, "तुमचं दोघांचं तुटू नये म्हणून. लाखावर एक करीन मी. एक लाख एक."

लाखावर एक कशासाठी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. एकवीस, एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. वर एक ठेवला की आकडा तुटत नाही, त्याचे सारखे वाटे होत नाहीत, म्हणून शुभ. सगळ्यांचा यावर विश्वास आहे, आणि सगळे चूक आहेत. एकवीस सातानं तुटतो. एकावन्नाचे सतरा-सतराचे तीन वाटे होतात. पाचशे एकही तिनानं जातो, आणि हजार एकाचं तर बोलूच नका, सात, अकरा, तेरा, तिघंही त्याला खातात. यादीतला एकशे एक तेवढा खरा न तुटणारा. शाळेत आम्ही त्याला अभाज्य म्हणतो, कारण सौंसर मध्य प्रदेशात, आमची शाळा हिंदी. मराठीत मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही.

हे ज्ञान मी एकदा पाजळलं होतं. बायकोच्या भाचीच्या लग्नात रुखवतावर एकावन्न लाडू मांडले होते. बायकोनं दोन दिवस बसून ते वळले होते, सगळे एका मापाचे. तिची मोठी बहीण व्याह्यांना कौतुकानं सांगत होती की एकावन्न आहेत, न तुटणारा आकडा. मी मागून म्हणालो, "सतरा त्रिक एकावन्न." लोक हसले, व्याहीही हसले. बायको नाही हसली. मला त्या दिवशी वाटलं होतं की तिला गणित कळलं नाही.

तर आई वाती वळत होती. रोज चार जुड्या, कधी पाच. शंभर वातींची एक जुडी, तिला लाल दोरा. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती आले आणि गेले. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला. मी शाळेतून आलो की ती मान वर न करता आकडा सांगायची. चारशे बावीस जुड्या. सहाशे दहा. मी हं म्हणायचो आणि चहा करायला जायचो. दोन माणसांचा चहा करताना मी कित्येक दिवस तीन कप पाणी टाकत होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, उरलेला चहा पिऊन टाकत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्याच्या सकाळी, आईची हजारावी जुडी बांधून झाली. तिनं पाट मांडला, जुड्या रचल्या, आणि वर एक सुटी वात ठेवली. मी समोर बसून संत्रं सोलत होतो. आंबिया बहाराची पहिली संत्री उतरली होती. आईनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, "झाले बापा. एक लाख एक. आता नाही तुटत."

आणि मी संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणालो, "अकरानं जाते."

बोललो तेव्हा मला काहीही वाटलं नाही. डोळ्यासमोर आकडा आला, अकरा दिसले, तोंड उघडलं. आईनं विचारलं म्हणजे काय. मी म्हणालो अकरा गुणिले नऊ हजार एक्क्याण्णव, बरोबर एक लाख एक. ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं भागाकार मांडला. अकरा नवे नव्याण्णव, उरला एक. वरून शून्य, दहा, भाग नाही. वरून शून्य, शंभर. पुन्हा नव्याण्णव, पुन्हा एक. वरून एक घेतला, झाले अकरा. अकरा एके अकरा. खाली शून्य.

तिनं त्या शून्याखाली रेघ मारली, चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि पुन्हा लावून ते शून्य पाहिलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी पाट उचलून देवघराच्या कोपऱ्यात ठेवला आणि वर जुनं लुगडं टाकलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आठ महिने या बाईनं अंगठा झिजवला होता. माझी बायको घरी यावी म्हणून. आणि ती ज्या कारणानं गेली, तेच मी आईसमोर पुन्हा करून बसलो होतो, संत्रं खाता खाता. मला माझी लाज वाटली. ही लाज नवी होती, कारण माझं म्हणणं खरं होतं आणि तरीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधायला बसलो. लाखाच्या आसपास मूळ संख्या विरळ होत जातात. साधारण अकरा-बारा आकड्यांत एखादी, पण ती कुठं भेटेल याचा नियम नाही. कधी दोन अगदी शेजारी उभ्या असतात, कधी लांबवर एकही नसते. लाखाच्या अलीकडची शेवटची नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. लाखाच्या पलीकडे पहिली एक लाख तीन, आणि तिच्यानंतरची थेट एक लाख एकोणीस. मोबाईलवरचे संदेश नि व्यवहार कुलूपबंद करायला शेकडो अंकी मूळ संख्या वापरतात, त्यांच्यापुढे ही म्हणजे रांगतं पोर. पण आईला हवी होती तेवढी मोठी होती. फक्त दोन वाती जास्त.

मी तिला आनंदानं सांगायला गेलो. एक लाख तीन तुटत नाही, कशानंच नाही, दोन वाती वळ आणि नवस पुरा कर. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "कालपर्यंत मीही म्हणत होती, नाही तुटत. तुटलं ना? आता तू म्हणून राहिला. मी कशी मानू?"

मोबाईल दाखवला. मोबाईलनं नवस फिटत नाही, म्हणाली. मग मी तिला रीत समजावली. एक लाख तीनला प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं. दोननं, तीननं, पाचानं, सातानं. चार आणि सहा सोडायचे, कारण सहानं जाणार असेल तर तो आधी दोननंच गेला असता. आणि कुठवर? तीनशे सोळापर्यंत. तिथं थांबायचं. आईनं विचारलं, पुढे काहून नाही? मी म्हणालो, मामाच्या बगीच्यात झाडं तेवढीच असतील आणि ओळी जास्त केल्या तर ओळीतली झाडं कमी होतात ना? तसंच. मोठ्या आकड्यानं भाग गेला तर जोडीला लहान आकडा येणार, आणि लहान तर आपण आधीच पाहून झालेले असतात. तीनशे सतरा गुणिले तीनशे सतरा लाखाच्या बरंच पुढे जातं, म्हणून दोघंही तीनशे सोळाच्या वर असूच शकत नाहीत. ती तांदळाचं सूप बाजूला ठेवून ऐकत होती. तिला पटलं. मला आजवर इतका चांगला विद्यार्थी मिळाला नाही.

अशा पासष्ट संख्या होतात. पासष्ट भागाकार. मी दोन दिवसांत शंभर पानी वहीत ते केले, आकडे मोत्यासारखे काढून. सातानं एक उरला, तेरानं सात, एक्केचाळीसनं चार. दोनशे एकाहत्तरनंही चारच. तीनशे तेरानं एकशे छप्पन्न. एकदाही शून्य आलं नाही. वही आईपुढे ठेवली. तिनं सगळी पानं उलटून पाहिली, एका ठिकाणी बोट ठेवून मनात काही म्हटलं, आणि वही मिटली.

"हे तं तुझ्याच हातचं आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातून पाहून आण. तिच्या हातून. ती पोरांच्या वह्या नीट पाहते."

यात डाव होता की सरळपणा, मला आजही सांगता येणार नाही. आईला विचारण्यात अर्थ नाही. पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते.

रविवारी सकाळच्या बसनं निघालो. पिशवीत वही आणि आईनं दिलेली डझनभर संत्री. वाटेत दोन्हीकडे कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. मी आठ महिन्यांत पांढुर्ण्याला चारदा गेलो होतो. चारही वेळा काही ना काही द्यायला, आणि चारही वेळा दारातूनच परतलो होतो. या वेळी तिनं दार उघडलं तेव्हा मी वही पुढे केली आणि आईचं म्हणणं आईच्याच शब्दांत सांगितलं. अकराची गोष्टही सांगितली. ती सांगताना मी खाली पाहत होतो.

तिनं मला आत बसवलं. खोलीत एक खाट, एक शेगडी, खिडकीतून रुळांची कड दिसते. कप एकच होता. तो तिनं मला दिला आणि स्वतः पेल्यात चहा घेतला. मग चटईवर मांडी घालून बसली, रफ वही काढली, लाल पेन काढला. माझी वही उघडी ठेवली नाही. आकडा पाहायची, माझी वही पालथी घालायची, स्वतः भागाकार करायची आणि मग उत्तर ताडून बघायची. आईनं तिला बरोबर ओळखलं होतं.

एक वाजता सुरू केलं. मला काम नव्हतं. मी संत्री सोलून फोडी ताटलीत ठेवत होतो, ती न पाहता एखादी उचलत होती. मधूनच एखादी मालगाडी जायची आणि खिडकी थरथरायची, तेवढा वेळ ती पेन उचलून थांबायची. तिची भागाकार मांडायची पद्धत माझ्यापेक्षा लांबलचक आहे, प्रत्येक वजाबाकी पूर्ण लिहिते. मी ते पाहून गप्प बसलो होतो. मला ते जड जात होतं हेही सांगितलं पाहिजे. एकोणसाठला तिनं सत्तावन्न बाकी काढली, मीही सत्तावन्न काढली होती. त्र्याऐंशीला एकाहत्तर, माझीही एकाहत्तर. ती समोर बारीक बरोबरची खूण करत होती, जशी पोरांच्या वहीत करते. मला त्या खुणा मिळत गेल्या तसं आत काहीतरी ऊबदार वाटू लागलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

साडेतीनच्या सुमाराला ती थांबली. पेन तिनं एका आकड्यावर टेकवला होता. म्हणाली, "हा कसा आला?"

मी वाकून पाहिलं. दोनशे एकवीस.

"तेरा सतरा दोनशे एकवीस," ती म्हणाली. "हा तं स्वतःच तुटते. आणि दोनशे अकरा कुठं आहे?"

दोनशे अकरा कुठंच नव्हता. मी यादी पाठ म्हणत लिहून काढली होती, दोनशे अकराच्या जागी दोनशे एकवीस उतरला होता, आणि शेवटी मोजले तर पासष्ट भरले म्हणून मी निर्धास्त होतो. सव्वीस वर्षांचा गणिताचा मास्तर. पाढ्यातली चूक.

ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, विजय नव्हता. ती फक्त वाट पाहत होती. मला माहीत होतं कशाची. दिवाळीची गडबड होती, आई मागे लागली होती, उजेड कमी होता, दोन्ही आकडे सारखेच दिसतात, आणि तसंही शेवटच्या उत्तरात काही फरक पडत नाही. सगळी कारणं माझ्या जिभेवर रांग लावून उभी होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

ती अजून वाट पाहत होती. मग मला कळलं की ती माझ्या 'पण'साठी थांबली आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मी हे दोन शब्द कधी म्हटले असतील तर त्यांच्यामागून 'पण' आला असेल. या वेळी आला नाही. बाहेरून एक गाडी गेली, खिडकी वाजली, थांबली. तिनं मान खाली घातली आणि माझ्या वहीत दोनशे एकवीसवर लाल काट मारून मोठ्या अक्षरांत लिहिलं, दोनशे अकरा.

तो एक भागाकार आम्ही दोघांनी मिळून केला. मी म्हणत होतो, ती लिहीत होती. दोनशे अकरा चोक आठशे चव्वेचाळीस. उरले एकशे छप्पन्न. वरून शून्य. सातानं चौदाशे सत्त्याहत्तर, उरले त्र्याऐंशी. वरून तीन, आठशे तेहतीस. तिनानं सहाशे तेहतीस. मला उत्तर ठाऊक होतं, तरीही शेवटच्या वजाबाकीला मी वहीवर वाकलो. बाकी दोनशे. तिनं त्यापुढे खूण केली. उरलेल्या वीसेक भागाकारांना आणखी तास लागला. शेवटी तिनं माझ्या वहीच्या पानाखाली, पोरांच्या वहीत लिहिते तसं हिंदीत 'जाँचा', म्हणजे तपासलं, असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

निघताना मला बरंच काही म्हणायचं होतं. म्हणालो एवढंच की पौर्णिमेला आई वाट पाहणार. ती म्हणाली, "पाहू." बस मिळेपर्यंत मी त्या 'पाहू'चा विचार करत होतो.

आईनं वही उघडली, दोनशे एकवीसवरची लाल काट पाहिली. तिनं 'जाँचा'वर बोट फिरवलं, लुगडं बाजूला केलं, पाट बाहेर काढला, कापूस घेतला आणि जागच्या जागी दोन वाती वळल्या.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून जुड्या तुपात भिजत होत्या. चारच्या बसनं बायको आली. हातात पर्स, खांद्याला शाळेची पिशवी, नेहमीसारखी. आईनं तिला पाहिलं, तुपाचे हात तसेच वर धरले आणि कोपरानं तिला जवळ घेतलं. मी दोघींच्या मागून परात उचलायला गेलो, कारण मला तिथं उभं राहवेना.

दिवस मावळताना महादेवाच्या देवळात परात ठेवली. गल्लीतल्या पाच-सहा बाया जमल्या होत्या. आईनं काडी ओढली. पहिल्या जुडीनं पेट घ्यायला वेळ लावला, मग एकदम सगळं धरलं. तुपाचा वास, काळा धूर, आणि परातीत एकच जाळ. कुठली जुडी चैत्रातली, कुठली श्रावणातली, काही कळेना. आई हात जोडून उभी होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

शेजारच्या काकूंनी विचारलं, किती आहेत? आई म्हणाली, एक लाख तीन. काकूंना नवल वाटलं, तीन काहून? तेव्हा आई अभिमानानं म्हणाली, "एक लाख एक तुटते. हा नाही तुटत. माह्या सुनेनं स्वतः पाह्यलं. याच्यापुढे न तुटणारा आकडाच नाही, हा शेवटचा."

हे म्हणजे साफ चूक. गणितात याहून मोठी चूक करता येत नाही. मूळ संख्यांना शेवट नाही. कितीही पुढं जा, त्यापुढे एक आहेच, हे मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. पुढची तर सोळा पावलांवर उभी होती. एक लाख एकोणीस माझ्या ओठांवर आला. मी तोंड उघडलंही.

जाळाच्या पलीकडून बायको माझ्याकडे पाहत होती.

मी तोंड मिटलं. काकू म्हणाल्या, बाई बाई, शेवटचा का? आई म्हणाली, शेवटचा. मी पळीनं थोडं तूप जाळात सोडलं. ते अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, राहू दे शेवटचा.

घरी येऊन आई आडवी झाली. आम्ही दोघं मागच्या अंगणात परात घासायला बसलो. तुपाची काजळी राखेनं लवकर निघत नाही, गरम पाणी लागतं. ती घासत होती, मी पाणी ओतत होतो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई चुकीचं बोलल्या ना मघाशी?"

"हो."

"पुढचा कोणता?"

"एक लाख एकोणीस."

"मग काहून नाही बोलले तुम्ही?"

खरं होतं ते सांगितलं. "तू पाहून राहिली होती."

ती परात घासत राहिली. मग पाठमोरी होऊन ती नळाखाली धरली आणि मला न पाहता म्हणाली, "सकाळी इथून पांढुर्ण्याची पहिली बस सात दहालेच असते ना अजून?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्या बसची वेळ दिवाळीआधी बदलली होती. आता ती सात वीसला सुटते, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी दाढी करताना मी तिचा हॉर्न ऐकत आलो होतो.

"हो," मी म्हणालो. "सात दहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सात दहाला स्टँडवर पोहोचलो, आणि बस यायला दहा मिनिटं होती.